पुरावा अजून कच्चा आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही डायरी फुकटची आहे. सिनेमावाल्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकेक वाटली. वर पेटलेली मोटारसायकल, तिच्यावर उलटी बसलेली एक मुलगी, दोन्ही हातांत पिस्तुलं. ताईने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "हे तू करायचीस?" मी म्हटलं, "मोटारसायकल पेटवायला साहेबांची परवानगी मिळायची नाही."

ताईला माझी नोकरी अजून पचलेली नाही. इतकी वर्षं तिला सांगत आले की मी पोलीस खात्यात टायपिस्ट आहे. आणि ती बिचारी सगळ्यांना सांगत आली की बहिणीला बढती का देत नाहीत कोण जाणे. निवृत्त झाल्यावर एका रविवारी एकदाचं सांगून टाकलं की मी खोट्या नावाने, परक्या वस्तीत राहून, चोरांच्या शेजारी संसार थाटून काम करायचे. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला टायपिंग येत नाही?"

आता या सिनेमाची सल्लागार झाले आहे. वरिष्ठांचं न ऐकणाऱ्या पाच तरुण गुप्त पोलिसांची गोष्ट. पाचही जण काळ्या कपड्यांत, आणि इतके गुप्त की रस्त्यावरून चालले तर अख्खं गाव वळून बघेल. असल्या पोरखेळाला मी होकार का दिला, ते इथे लिहिते, कारण ताईला सांगण्याची लाज वाटते. सिनेमात एक इस्त्रीचं दुकान आहे. पाचांपैकी दोघं नवराबायकोचं सोंग घेऊन ते चालवतात. मीही तरुणपणी तीन वर्षं तेच केलं. त्या जोडीदाराचं खरं नाव मला माहीत नाही, त्याला माझं नाही. खात्याचा नियमच तसा होता: काम संपलं की ओळख संपली, चौकशी करायची नाही, भेटायचं नाही. मी पाळला. त्यानेही पाळला असणार, नाहीतर आला असता.

सिनेमा गावोगाव लागेल. कुठेतरी तोही पाहील. मला त्याला एकदाच विचारायचं आहे की ते सगळं नुसतं काम होतं का. झालं, लिहून टाकलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दिग्दर्शक पोरगेलासा आहे, टोपी उलटी घालतो. मी त्याला मनात टोपीच म्हणते. हिरो जॅकेट काढत नाही, घामाने निथळला तरी नाही, म्हणून तो जॅकेट. आज जॅकेटने एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारली. खाली गाद्या, कमरेला दोर, तरी मी डोळे मिटून घेतले. टोपी म्हणाला, "मॅडम, तुम्ही अशा किती मारल्या असतील!" मी म्हटलं, "तीन वर्षांत एकदाच पळाले. दूध उतू जात होतं."

हिरोईन मात्र कामाची आहे. तिला दुपारभर खिसे तपासायला शिकवलं. कपडा आला की हसत बोलत घ्यायचा, गिऱ्हाइकाची पाठ वळेपर्यंत हात लावायचा नाही. मग आधी बाहेरचे खिसे, नंतर आतले, शेवटी शिवणीतला. जे सापडेल ते डोळ्यांनी टिपायचं आणि जसंच्या तसं, त्याच घडीत परत ठेवायचं. आमच्या दुकानासमोरच्या इमारतीत चोरटा माल हलवणाऱ्या टोळीची बैठक असायची, आणि त्या सगळ्यांना कडक कॉलर लागायची. रोज संध्याकाळी मी वेगळा अहवाल पाठवायचा, जोडीदाराने वेगळा. एकमेकांना दाखवायचा नाही, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला चिकटत नाही.

पोरीने विचारलं, "मावशी, त्यांना हाक कशी मारायचात?"

"अहो."

"आणि ते?"

"अगं."

"आणि खोटी नावं?"

"ती पाटीवर होती. घरात नावं कुठे लागतात?"

ती हसली. मीही हसले, आणि मग चहा घ्यायच्या निमित्ताने उठून गेले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज दुकानाच्या प्रसंगांची पानं हातात आली. लेखक म्हणजे लांब मानेचा, मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प मुलगा. पानांवर असं होतं की बायको कपड्यांवर भसाभसा पाणी मारते आणि नवरा तिला रागावतो. साफ उलटं! पाणी तो जास्त मारायचा. इस्त्री टेकवली की चर्र आवाज यायचा आणि सगळं दुकान वाफेने भरायचं. मी लाल पेनाने लिहिलं: "पाणी नवरा जास्त मारतो. बायको सहन करते."

गुरुवार, २० फेब्रुवारी

सुधारलेली पानं आली. पाणी आता नवराच मारतो, पण त्याला एक वाक्य दिलंय: "मी मारतो म्हणून तुझी कॉलर उभी राहते. नाहीतर तू इस्त्री करतेस की कपडा कुरवाळतेस?" मला हसू आवरेना. लग्न न झालेल्या या पोराला नवरे कसे बोलतात ते बरोबर कळतं. समासात लिहिलं: "कॉलर मी उभी करायचे. यांनी फक्त घड्या घातल्या."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पुन्हा पानं. घड्यांवर अर्धं पान वाद आहे. नवरा म्हणतो, घडीवरच गिऱ्हाईक टिकतं. लेखक भांडखोर दिसतो, तोंडाने बोलत नसला तरी.

पुढे आजारपणाचा प्रसंग आहे. बायको तापाने फणफणते आणि नवरा दुकान बंद ठेवतो. मी लिहिलं की हे चूक आहे. दुकान बंद ठेवलं असतं तर समोरच्यांना संशय आला असता. त्याने दुकान उघडलं, मला पडद्यामागे निजवलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत राहिला, "मंडळी आजारी आहेत, कपडे उशिरा मिळतील." मी पडद्यामागे ऐकत होते. दर वेळी तो "मंडळी" म्हणाला की मला बरं वाटायचं. हे शेवटचं वाक्य समासात लिहिलेलं नाही.

शनिवार, १ मार्च

आजारपणाचा प्रसंग माझ्या म्हणण्याप्रमाणे बदलला. त्यात एक भर आहे. नवरा दुकानात उभा आहे, कान पडद्याकडे, आणि एकच आकाशी शर्ट पुन्हा पुन्हा इस्त्री करतोय. शेवटी शर्ट जळतो. तो शर्ट लपवतो आणि बायकोला सांगतो की गिऱ्हाईक घेऊन गेलं.

तसा एक आकाशी शर्ट खरंच होता. त्याचं बटण मी लावलं होतं, आणि नंतर तो दिसला नाही म्हणून विचारलंही होतं. लेखकाला हे कसं कळलं? खात्याच्या फायलीत शर्टाचा रंग कोण लिहितं? मीच कधी बोलता बोलता सांगितलं असेल. हल्ली फार बोलते मी, इतकी वर्षं ताकाला तूर लागू दिली नाही त्याची भरपाई.

शुक्रवार, ७ मार्च

दुकानाचा सेट उभा राहिला. टेबल उजवीकडे मांडलं होतं, मी ते डावीकडे घ्यायला लावलं. छतातून वायर लोंबती हवी, टेबलावर तीन पदरी घोंगडी हवी, मागे पडदा हवा. सुतार कुरकुरला, पण केलं. सगळे जेवायला गेल्यावर मी तिथे एकटीच उभी राहिले. वाटलं, आता तो पडद्यामागून चहाचे दोन कप घेऊन येईल आणि माझ्या कपात साखर घालायला विसरेल. किती आठवण यावी माणसाची, आणि तीही नाव नसलेल्या. पुढेही मी पुष्कळ खोट्या घरांत राहिले. खरं घर केलं नाही. तशी कुणी गळ घातली नाही असं नाही, पण ज्याच्याशी तुलना करायची तो माणूस कागदोपत्री नव्हताच, मग कारण काय सांगणार?

शेवटचा दिवस आठवला. भर दुपारी दोन गाड्या आल्या. दुसऱ्या तुकडीने बाहेरच्या बाहेर धाड घातली होती. मला एका गाडीत बसवलं, त्याला दुसऱ्या. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट म्हणत होते, इस्त्री चालू राहिली असेल. अधिकारी समजावत होता की बाई, आता इस्त्रीचं काय घेऊन बसलात.

मंगळवार, ११ मार्च

टोपीला बंडखोरी हवी आहे. म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी वरिष्ठांचं ऐकलं नाही, असं काही?"

सांगितलं. पहिल्या वर्षानंतर वरून हुकूम आला होता, आवरतं घ्या. मी अहवालात कळवलं, "पुरावा अजून कच्चा आहे." त्यांनी पुन्हा हुकूम पाठवला, मी पुन्हा तेच कळवलं. तशी आणखी दोन वर्षं काढली. टोपी टाळ्या वाजवायला लागला, "हे खरं बंड!" मी म्हटलं, बंड कसलं, पुरावा खरंच कच्चा होता. जोडीदार मात्र कंटाळला असेल, माझ्या हट्टापायी अडकला बिचारा. हे ऐकून कोपऱ्यातल्या लेखकाने मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी मूर्खासारखं बोलले. या पोराचं कधी कधी डोकं फिरतं.

सोमवार, १७ मार्च

आज माझं आणि लेखकाचं वाजलं. नवी पानं अशी: नवऱ्याला टोळीच्या म्होरक्याच्या कोटात किल्ली सापडते. किल्लीला बिल्ला, बिल्ल्यावर गोदामाचा नंबर. म्हणजे हाच तो पुरावा, ज्यासाठी सगळा खटाटोप. आणि हा शहाणा किल्ली परत कोटात ठेवतो आणि कुणालाच सांगत नाही, ना बायकोला, ना साहेबाला. अख्खा हिवाळा तो नंबर पोटात ठेवून इस्त्री करत राहतो.

मी पानं टेबलावर आपटली. म्हटलं, हा पोलिसांचा अपमान आहे. कुठलाही पोलीस असं करणार नाही. टोपी लगेच म्हणाला, काढून टाकू, तसाही प्रसंग संथ आहे. तेव्हा तो गप्प लेखक ताडकन उठला. "हा निघाला तर मी नाव मागे घेतो. हा प्रसंग राहील याच अटीवर मला बाकीचं मिळालंय."

"कुणाकडून मिळालंय?" टोपीने विचारलं. तो पानं गोळा करत राहिला. मी खुर्ची ओढून बसले.

मंगळवार, १८ मार्च

किती मठ्ठ असावं माणसाने. आणि मला म्हणे खात्यात बहिरी ससाणा म्हणायचे.

सकाळी लेखकाला गाठलं. त्याने सगळं सांगितलं. माझा दुकानातला जोडीदार शेजारच्या शहरात राहतो, निवृत्त आहे. सिनेमाची बातमी वाचून स्वतःच लेखकाला भेटला आणि दुकानाची गोष्ट दिली. मला सल्लागार म्हणून बोलावण्याचं त्यानेच सुचवलं. कसं, तर खात्याला म्हणावं, इस्त्रीच्या दुकानात राहिलेली बाई हवी आहे, निरोप तेवढा पोचवा. माझी लाल पेनाची पानं दर वेळी त्याच्याकडे जात होती. घड्यांचा वाद, पाण्याचा वाद, सगळं त्याने घातलं होतं. गेला महिना मी माझ्या नवऱ्याशी भांडत होते आणि मला पत्ता नव्हता.

आणि ती किल्ली. पोलीस म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हिवाळ्यात गोदामातून काय काय हललं असेल, कुणाचं काय गेलं असेल. असं वागायचं नसतं. दुसरं मन मात्र दिवसभर लहान मुलीसारखं उड्या मारतंय, त्याला कसं गप्प बसवू? ती किल्ली मला सापडली असती तर मी काय केलं असतं, ते मी इथे लिहिणार नाही.

लेखक म्हणाला, "काका विचारतायत, या प्रसंगावर काय सुधारणा?"

मी म्हटलं, "आता कागदावर नको. या म्हणावं."

गुरुवार, २० मार्च

तो परवा येणार. दुकानाच्या चित्रीकरणाचा शेवटचा दिवस, मग सेट तोडणार. कपाटातले सगळे कपडे बाहेर काढले. ताई दारात उभी राहून बघत होती. "शूटिंगला जाताना एवढी इस्त्री?" मी म्हटलं, जुना सहकारी येतोय. ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःचं चांगलं अत्तर आणून ठेवलं.

शनिवार, २२ मार्च

आला. मी दुकानाच्या आत उभी होते, तो गिऱ्हाइकासारखा बाहेर थांबला. केस गेलेत, खांदे थोडे उतरलेत, नजर तीच. काहीतरी मोठं बोलायचं मी ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "इस्त्री मी बंद केली होती गं."

मी टेबलावरची इस्त्री उचलून उभी ठेवली.

मग आत आला, वायर ओढून बघितली, म्हणाला, "आपली एवढी लांब नव्हती." मी म्हटलं, "होती. तुम्हाला कधी काय आठवलंय." दोघंही जरा वेळ वायरीवरच बोलत होतो. त्याने नंतर लग्न केलं होतं. चांगली बाई होती, म्हणाला, आता नाही. मुलगी दूरदेशी आहे, उद्या तिच्याकडे निघायचंय, बहुतेक तिथेच राहायचं. मी विचारलं, "किल्ली का लपवलीत?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. ऐकायचंय."

तो घोंगडीवरची सुरकुती हाताने सारखी करत राहिला. "सांगितलं असतं तर दुकान बंद झालं असतं ना गं."

इतक्या वर्षांनी मला उत्तर मिळालं, आणि ते सगळं नुसतं काम होतं का, हा प्रश्न विचारावाही लागला नाही. मी म्हटलं, "मी पण दर वेळी 'कच्चा' लिहायचे." तो म्हणाला, "मी पण." मग हसलो, खोकला येईपर्यंत. दोघं वेगवेगळे अहवाल लिहीत होतो आणि दोघंही तेच लिहीत होतो. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला असेल.

बाहेरून टोपीने ओरडून सांगितलं, सेट रिकामा करा, पुढचा शॉट. लेखकाची गाडी थांबली होती. जाता जाता तो वळला. "आता तरी नाव सांग."

मी सांगितलं. त्याने ते हळूच एकदा म्हणून पाहिलं. मग त्याने त्याचं सांगितलं. मीही म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "आता शोधायला सोपं जाईल." फोन नंबर त्याने दिला नाही, मी मागितला नाही. नाव मिळालं, आणखी काय हवं! आमच्या धंद्यात नाव म्हणजे केवढी मोठी गोष्ट.

तोच दिवस, जेवणानंतर

जेवताना ताईला सगळं सांगितलं. अगदी सगळं. ती घास हातात धरून ऐकत होती. "आणि काय म्हणाला तुझं नाव ऐकून?" तिने विचारलं. मी म्हटलं, हळूच म्हणून पाहिलं, असं, आणि म्हणून दाखवलं.

ताई म्हणाली, "ही कोण बाई?"

मी काय बोलले ते तेव्हा माझ्या कानांवर पडलं. ते नाव माझं नाही. पुढे एका बंदरावर काम केलं होतं, तिथलं आहे. अचानक कुणी नाव विचारलं की जे तोंडाशी असेल ते सहज, न अडखळता सांगायचं, हे माझ्या हाडात भिनलंय. जन्मात एकदा ज्याला खरं सांगायचं होतं, त्याच्यापुढेही तेच केलं. ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

गुरुवार, २७ मार्च

लेखकाकडे त्याचा जो नंबर होता तो आता बंद आहे. पत्ता त्याने कधी दिलाच नाही, दर वेळी तोच येऊन भेटायचा. खात्यातल्या जुन्या कारकुनाकडे गेले. म्हटलं, नियम मला माहीत आहे, फाईल नको, फक्त या नावाचा माणूस निवृत्तांच्या यादीत आहे का एवढं बघ. त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. या नावाचा माणूस खात्यात कधीच नव्हता.

म्हणजे त्यानेही तेच केलं. जिन्यात बसून हसत सुटले. एक शिपाई पाणी घेऊन आला, तेव्हा कळलं की मी रडतेय.

तो आता परक्या देशात बसून नसलेल्या बाईला शोधत असेल. मी नसलेल्या पुरुषाला.

शुक्रवार, १३ जून

बरेच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज सिनेमाच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. शेवटी जी नावं येतात, त्यांत माझ्यापुढे नुसतं "सल्लागार" लिहायचं ना, करारात तसंच आहे, नाव गुप्त. मी हो म्हणणार होते. मग विचारलं, "ही नावं परदेशातल्या थिएटरांतही दिसतात का?"

"हो मॅडम, जिथे जिथे लागेल तिथे."

"मग माझं घाल. पूर्ण. माझं, वडिलांचं, आडनाव. पुढे कंसात लिही, इस्त्रीचं दुकान."

ती घाबरली. खात्याची नोटीस येईल म्हणाली. येऊ दे. सगळ्या नोकरीत मी कधी लेखी नियम मोडला नव्हता, "कच्चा" सोडून. तीन वेळा स्पेलिंग विचारून घेतलं तिने, तीनही वेळा मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

सिनेमा लागला. काय तो आवाज! निम्मा वेळ ताईने कानांत बोटं घातली होती. आमची तीन वर्षं एका गाण्यात उरकली आहेत. पण किल्लीचा प्रसंग आहे. नवरा झालेला आमचा हिरो, जॅकेट, कोटात किल्ली परत ठेवतो आणि दुकानातल्या पडद्याकडे बघतो, तेव्हा थिएटरात कुणी शिट्टी मारली नाही.

शेवटी नावं सुरू झाली आणि लोक उठले. माझं नाव फार उशिरा येतं, जेवण पुरवणाऱ्यांच्या नंतर. तोवर झाडूवाला आत आला होता.

सोमवार, १ सप्टेंबर

रोज जाते. वेगवेगळ्या थिएटरांत, वेगवेगळ्या खेळांना. तो परत आला नसेलच असं कुणी सांगितलंय? मुली बापाला सिनेमाला पाठवतात, माणसं परत येतात. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसते. माझं नाव आलं की पडद्याकडे बघत नाही, खुर्च्यांकडे बघते. कोण बसून राहिलंय, कोण वाचतंय. आज एक जोडपं होतं, पण ते एकमेकांतच होतं. एक म्हातारा होता, तो झोपला होता. खात्री करून घेतली, तो नव्हता.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज ताई हट्टाने बरोबर आली. मी मागच्या रांगेकडे वळले, तर तिने हात धरला.

"रोज इथेच बसतेस?"

"इथून सगळे दिसतात."

"आणि तो कुठे बसत असेल?"

मी म्हटलं, तोही मागेच बसणार, दाराजवळ, आमची सवयच ती.

"म्हणजे तू इथे मागे लपून त्याला शोधायचं, आणि त्याने कुठेतरी मागे लपून तुला. अगं बाई, असे दोघं जन्मभर लोकांच्या टाळक्यांकडेच बघत बसाल. कुणीतरी एकाने दिसायला नको का?" आणि तिने मला ओढत पार पहिल्या रांगेत नेलं.

असं मी कधी बसले नव्हते. पाठ उघडी. मागे कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. पडदा एवढा जवळ की मान अवघडली. दोनदा मागे वळणार होते, दोन्ही वेळा ताईने कोपर मारलं. "सरळ बस."

नावं सुरू झाली. लोक उठले, बोलत बोलत गेले. माझं नाव आलं तेव्हा ताई, जिला कमी ऐकू येतं म्हणून जी सगळंच मोठ्याने बोलते, तिने ते मोठ्याने वाचलं. माझं, वडिलांचं, आडनाव, कंसातलं दुकान. रिकाम्या थिएटरात खणखणीत.

मागे कुठेतरी एक खुर्ची खट्‌ करून मिटली. मग पावलं. नुसत्या पावलांवरून माणूस पायऱ्या उतरून पुढे येतोय की दाराकडे चाललाय, तरुण आहे की वयस्क, हे ओळखण्यात माझा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं. आज ओळखायचा प्रयत्न केला नाही. ताठ, हात मांडीवर ठेवून, दिसेन अशी बसून राहिले.